कुमुदताईंची पेन्शन

कुमुदताई शुद्ध मराठीत बोलू लागल्या की आमच्या ऑफिसातली माणसं एकेक करून पाणी प्यायला उठत.

सिंधुदुर्गात सगळीकडे याच्या उलट चालतं. घरी, बंदरावर, रिक्षात मालवणी बोलणारा माणूस कचेरीच्या पायरीवर चप्पल काढावी तशी मालवणी काढून ठेवतो आणि आत जाऊन 'मला', 'तुम्हाला', 'कृपया' असं जपून बोलतो. निघताना ती पुन्हा पायात घालतो. कुमुदताईंनी ही पद्धत कधी मानली नाही. जिल्ह्याचे साहेब आले तरी "बसा, वायच दम खावा, मगे सांगा काय होया ता" हेच स्वागत. पण राग आला की त्यांच्या तोंडून अशी निर्मळ मराठी निघे की समोरच्याला आपण कोर्टात उभे आहोत असं वाटावं. एकदा खताचा ट्रक घेऊन आलेल्या ड्रायव्हरने भर पावसात उघड्यावरच पोती उतरवायला घेतली. कुमुदताई छत्री घेऊन बाहेर गेल्या आणि म्हणाल्या, "ही पोती येथे उतरवण्याचा निर्णय आपण कोणत्या आधारावर घेतलात?" ड्रायव्हर घाटावरचा, शिव्यांना सरावलेला. शिवी ऐकली असती तर त्याने उलट दिली असती. 'आधारावर' या शब्दाला उलटी शिवी बसेना. उतरवलेली पोती त्याने मुकाट्याने उचलून गोदामात नेली.

आमचा संघ म्हणजे तालुक्यातल्या शेतकऱ्यांचा सहकारी संघ. खत आणि बियाणं विकायचं, काजू आणि आमसुलं खरेदी करायची, आणि उरलेल्या वेळात सत्कार करायचे, असं त्याचं काम. कुमुदताई गोदाम सांभाळत आणि मी हिशेबाच्या टेबलावर. जेवणाच्या सुट्टीत मी पुस्तक उघडून बसतो हे पाहिल्यावर त्यांनी माझं पाळण्यातलं नाव रद्द केलं आणि मला 'पुस्तका' म्हणू लागल्या. "पुस्तका, ऊठ. वायच माणसात ये."

त्या रोज सकाळी बंदरावरून येत, त्यामुळे गोदामाच्या मागच्या खिळ्याला त्यांची म्हावऱ्याची पिशवी टांगलेली असे आणि खिळ्याखाली तालुक्यातली मांजरं बैठकीला बसलेली असत. छत्री बारा महिने हातात. पावसात पावसासाठी, उन्हाळ्यात उन्हासाठी आणि थंडीत, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, "वाटेत कोण नको तो दिसलो तर उघडूक." दुपारी जेवणानंतर त्या कुठलाही निर्णय घेत नसत. औषधांच्या कंपनीचा विक्रेता आला की त्याला सांगत, "उद्या सकाळी ये. पोटात बांगडो आसलो की माणूस कशाकय होय म्हणता." सकाळी मात्र त्यांचा निर्णय विजेसारखा. बाजारात कोळणीशी घासाघीस अशी नाहीच. "होया तर दी, नाय तर झाक," एवढं बोलून त्या पुढच्या टोपलीकडे वळलेल्या असत, आणि मागून कोळीण हाक मारत असे.

सत्कारांबद्दल त्यांचं मत ठाम होतं. आमच्या संघात वर्षातून अनेकदा कोणाला तरी शाल आणि नारळ मिळतो. देणारे अध्यक्ष नेहमी तेच, घेणारे फिरते. कुमुदताईंच्या वाट्याला अशा पुष्कळ शाली आल्या. नारळाची त्या त्याच दिवशी कढी करत. शालींचं काय करतात हे आम्हाला एका जत्रेत कळलं. दशावतारी नाटक होतं आणि अध्यक्ष प्रमुख पाहुणे म्हणून पहिल्या रांगेतल्या खुर्चीत बसले होते. राक्षस गर्जना करत रंगमंचावर आला तेव्हा त्याच्या खांद्यावर जांभळी, जरीच्या काठाची, अध्यक्षांनी स्वतः पसंत करून आणलेली शाल होती. राक्षस मरेपर्यंत अध्यक्ष खुर्चीत ताठ बसून होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुमुदताईंना बोलावून विचारलं, तर त्या म्हणाल्या, "साहेब, तुमची शाल वाया गेली नाय. ती पांघरून तो देवाच्या हातान मेलो. सरळ मोक्ष."

शाली दशावतारात जात, कारण तिथे दत्ताराम होता.

दत्ताराम नाटकात राणीचं काम करायचा. आमच्याकडच्या बहुतेक दशावतारी कंपन्यांत अजून बायकांची कामं पुरुषच करतात, आणि दत्ताराम त्या कामातला नावाजलेला. शिडशिडीत अंग, गुळगुळीत दाढी, आणि वाटेत चिखल लागला तर लेंगासुद्धा निऱ्या धराव्यात तसा दोन बोटांनी उचलून चालणारा माणूस. त्याची राणी रडली की मांडवातल्या बायका रडत, आणि राणी ज्या साडीत रडे ती साडी कुमुदताईंची असे. एखादीने ती साडी ओळखली तर ती तसं बोलून दाखवत नसे. दर शनिवारी दुपारी दत्ताराम धुतलेल्या साड्यांचं गाठोडं घेऊन गोदामात येई, चहा होई, आणि नव्या साड्यांचं गाठोडं घेऊन तो जाई; पावसात नाटकं बंद, तेव्हा नुसता चहा. त्यांचं हे असं आहे, हे सबंध तालुक्याला माहीत होतं आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हतं. आमच्या भागात बाकी सगळं बोललं जातं, म्हणून न बोललेल्या गोष्टीला फार मान असतो.

त्यांनी लग्न का केलं नाही, हे मी एकदाच विचारलं. सुरुवातीला कुमुदताईंचे वडील आड आले होते. साडी नेसणारा जावई त्यांना चालणार नव्हता. वडील गेल्यावर कोणीच आड नव्हतं. "मगे सवड खंय होती?" कुमुदताई म्हणाल्या. "तेचो हंगाम दिवाळीपासून मेपर्यंत. तेका सवड मिळता ती पावसात. पावसात माझ्या दारात खताक रांग. आणि सवड मिळाली तरी पावसात मुहूर्त खंय?" हे इतकं बिनतोड होतं की पुढे अनेक वर्षं मी तो विषय काढला नाही.

मग पेन्शनीची भानगड आली.

आमच्या संघाची पेन्शन जुन्या पद्धतीची. निवृत्तीनंतर मरेपर्यंत दर महिन्याला ठरलेली रक्कम, आणि मेल्यावर तिच्यातली अर्धी नवऱ्याला किंवा बायकोला. कुमुदताईंच्या निवृत्तीला वर्षभर उरलं असताना संघाने जाहीर केलं की ज्याला हवं त्याने आपली पेन्शन नव्या योजनेत वळवावी. त्यासाठी महिनाअखेरपर्यंत मुदत होती आणि एकदा ठरवलं की मागे फिरणं नाही. योजना समजावून सांगायला एक तज्ज्ञ आला. त्याने पडद्यावर एक रेघ दाखवली, ती माडासारखी सरळ वर गेलेली. मग एक पिकल्या केसांचं जोडपं दाखवलं, समुद्रकिनाऱ्यावर खदखदून हसणारं. 'उज्ज्वल भविष्य' ही अक्षरं पडद्यावर आली आणि नेमकी वीज गेली.

अंधारात कुमुदताईंचा आवाज आला, "साहेब, ती दोघां हसतत कित्याक? पेन्शन मिळाली म्हणान, की फोटोचे पैशे मिळाले म्हणान?"

तज्ज्ञ चांगला माणूस असावा, कारण तोही हसला. वीज आल्यावर त्याने सरळ सांगितलं. नव्या योजनेत दर महिन्याला मिळणारे पैसे कमी, आणि तेही बाजाराबरोबर वरखाली होणारे. पण खात्यात जे उरेल ते, तुम्ही गेल्यावर, तुम्ही नाव द्याल त्या माणसाला मिळेल. त्याला नवरा-बायकोची अट नाही. कोणाचंही नाव चालेल.

"कोणाचाय?" कुमुदताईंनी विचारलं.

"कोणाचंही."

त्या खाली बसल्या, आणि त्या दिवसापासून त्यांचा विजेसारखा निर्णय हरवला.

ऑफिसात प्रत्येकाने त्यांचा हिशेब मांडून पाहिला. एकटी बाई, धडधाकट, घराण्यात सगळ्या आत्या नव्वदी गाठलेल्या. जुनी पेन्शन सोडणं हा शुद्ध वेडेपणा होता आणि हे त्यांना कोणीही सांगायची गरज नव्हती. पण जुनी पेन्शन त्यांच्याबरोबर संपणार होती. दत्तारामाच्या गुडघ्यांनी आता रात्रभर उभं राहायला नकार दिला होता. कंपनी बोलावते तोवर मानधन, मग काही नाही. आयुष्यभर राणीपद भूषवलेल्या या माणसाच्या नावावर एक गळकी खोली आणि मुकुटांची पेटी होती. उद्या कुमुदताई आधी गेल्या, तर तो काय खाणार, हा प्रश्न होता. तो सोडवायचा तर स्वतःच्या म्हातारपणाचं पक्कं छप्पर काढून त्याच्या म्हातारपणावर घालावं लागणार होतं.

शनिवारी दत्ताराम आला तेव्हा मी गोदामात पोती मोजायला गेलो होतो. थप्पीच्या पलीकडून बोलणं ऐकू येत होतं. तिथून निघून जायला हवं होतं, पण दार त्यांच्या बाजूला होतं.

"मी नव्यात जातंय," कुमुदताई म्हणाल्या. "तुझा नाव घालतंय."

"आणि तू काय खातलंस?"

"माका पेज पुरता."

"येडी काय गो तू? माका तुझ्या मरणाचे पैशे नको."

"मरणाचे नाय रे. मरणानंतरचे."

"तेवा तर अजिबात नको."

मग तो आवाज आला ज्याची आम्हा सगळ्यांना धास्ती. "आपण ही बाब शांतपणे समजून घ्याल का?"

आता दत्तारामाला शुद्ध मराठी येत होती, पण त्याची सगळी मराठी रंगमंचावरची. ती त्याला राणीच्या आवाजातच बोलता येई. "नाही! त्रिवार नाही!" गोदाम दणाणलं. "आपल्या मुखीचा घास काढून माझ्या मुखी घालणार असाल, तर हा देह या क्षणी सागराला अर्पण..."

"देह आपल्याजवळच ठेवा. तो आपल्याला लागेल."

"निष्ठुर! किती निष्ठुर हे बोल!"

"आवाज खाली करा. बाहेर शेतकरी उभे आहेत."

बाहेर युरियासाठी रांगेत उभे असलेले शेतकरी टाळ्या वाजवायच्या बेतात होते. दत्ताराम चहा न घेताच निघून गेला. त्याच्यामागून मी बाहेर पडलो तर कुमुदताईंनी मला हाताने थांबवलं आणि पेन्शनीची नियमावली पुढे टाकली.

"जुनीत मागे कोणाक मिळता, ता वाच."

मी वाचलं, "पती अथवा पत्नी."

"फुडे वाच."

"पुढे काही नाही. निवृत्तीच्या दिवसापर्यंत नोंद झालेली हवी, एवढंच."

"मगे मीट ता."

मी मिटलं. त्या बराच वेळ छत्रीच्या मुठीशी चाळा करत राहिल्या. "माका काय समाजना नाय असा वाटता तुका? ह्या वयात लगीन केलंय तर लोक म्हणतले, कुमुदान पेन्शनीसाठी घो केल्यान. आणि तेका म्हणतले, बायलेच्या पेन्शनीवर टपान होतो. माका म्हणांदेत. तेका म्हटलेला माका सोसूचा नाय."

एवढ्या धीट बाईला एवढी जुनी भीती असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

मुदत संपायला आठवडा उरला तेव्हा त्यांनी जाहीर केलं की आता रवळनाथालाच विचारायचं. आमच्याकडे अडलेल्या गोष्टी देवाला विचारतात. देवाच्या पाषाणावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि आधी उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. याला कौल म्हणतात. लग्नं, विहिरी, कोर्टकचेऱ्या सगळं या पाकळ्यांनी ठरलेलं आहे. पण बाजारातल्या गुंतवणुकीबद्दल देवाला विचारल्याचं ऐकिवात नव्हतं.

"पुस्तका, तू येतलंस," कुमुदताई म्हणाल्या. "देवान काय अवघड सांगल्यान तर वाचूक कोण तरी होयो."

सोमवारची सकाळ. देवळात बरीच माणसं होती, कारण लावणीच्या दिवसांत सोमवारीच काय ती उसंत. गाऱ्हाणं घालायचा मान भिवाकाकांचा. भिवाकाका गावकार, म्हणजे गावचे पहिले मानकरी, वय पुष्कळ, आवाज त्याहून पुष्कळ. त्यांनी पाकळ्या लावल्या आणि कुमुदताईंकडे वळले.

"कोणासाठी म्हणान सांगू?"

"माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी जुनीच बरी, ता आख्ख्या गावाक म्हायती आसा. नवी कोणासाठी?"

"मोघम घाला काका."

"मोघम गाऱ्हाणा देवाक चालना नाय. मागे एकान मोघम घातल्यान, शेजाऱ्याची म्हस गाभण रवली. नाव सांग."

कुमुदताईंनी मागे पाहिलं. सभामंडपाच्या कडेला, पागोळ्यांखाली, दत्ताराम छत्री धरून उभा होता. त्याला कोणी बोलावलं होतं हे मला माहीत नाही. त्यांनी हळू आवाजात नाव सांगितलं. पण भिवाकाकांना हळू आवाज ही गोष्टच ठाऊक नव्हती.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा मंडप. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेल्या माणसांनी असा दुजोरा द्यायचा असतो, आणि लहानपणापासून देऊन देऊन तो आपोआप येतो.

"ही तुझी लेक कुमुद आज तुझ्या पायाकडे इली आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिची जुनी पेन्शन तिच्याबरोबर संपता, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या मागे ह्या दत्तारामाचा कसा जातला, ह्या तिका पडला आसा, म्हाराजा!"

इथे दुजोरा जरा उशिरा आला. इतक्या वर्षांत हे प्रथमच कोणी मोठ्याने उच्चारलं होतं, आणि तेही देवासमोर.

"म्हणान तिणा नव्यात जावचा काय, ता तूच सांग. जावचा तर उजवो दी, नको तर डावो दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग सगळे पाकळ्यांकडे बघत बसले. हवा ओली, पाषाण ओला, पाकळ्या जागच्या हलेनात. पुन्हा गाऱ्हाणं झालं. पुन्हा काही नाही. "देवाक बाजारातला कळना नाय बहुतेक," मागून कोणी म्हणालं. "नाय तर तोय तज्ज्ञाक विचारता आसात," दुसरा म्हणाला. कुमुदताई ताठ उभ्या होत्या, पण पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळून गुंडाळून त्याची वात झाली होती.

भिवाकाकांची स्वतःची लावणी राहिली होती. त्यांचा धीर संपला. "कुमुद, तू देवाक फार अवघड विचारतंस गो," असं म्हणून त्यांनी पुन्हा हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! ती पेन्शन वायच ऱ्हवांदे बाजूक, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या दोघांचा इतकी वर्सां जा काय चल्ला हा, ता सगळ्या गावाक म्हायती आसा, आणि कोणाची काय एक हरकत नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मंडप सवयीने गर्जला, आणि गर्जून झाल्यावर आपण काय कबूल केलं हे एकेकाच्या ध्यानात येऊ लागलं. बायका एकमेकींना कोपरं मारू लागल्या. पण भिवाकाका थांबणारे नव्हते.

"तर ता एकदाचा तुझ्या साक्षीन जमवून टाक, आणि जुनी पेन्शन दोघांकय पुरांदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!"

उजवी पाकळी पडली.

मी या बाबतीत संशयी माणूस आहे. एवढ्या गळ्यांनी एका वेळी ओरडल्यावर कुठलीही पाकळी पडेल, असं माझं मत तेव्हा होतं आणि आजही आहे. पण डावी पाकळी मग का पडली नाही? माझं पुस्तकी शिक्षण त्या जागी थांबतं.

कुमुदताई शुद्ध मराठीत म्हणाल्या, "भिवाकाका, हा प्रश्न मी विचारलेला नव्हता."

"उत्तर इला मां? मगे झाला."

"लोक काय म्हणतील?"

"लोक आताच म्हणाले नाय काय? तुझ्या कानान ऐकलंस."

मंडपातल्या माणसांची मोठी अडचण झाली होती. उद्यापासून या लग्नावर बोलायचं, तर स्वतःच्याच होकाराविरुद्ध बोलावं लागणार होतं, आणि तो होकार रवळनाथाने ऐकलेला. दत्ताराम छत्री मिटून आत आला. लेंगा नेहमीप्रमाणे दोन बोटांत धरलेला. मला वाटलं, आता राणीचं भाषण होणार. पण तो साध्या मालवणीत, जवळजवळ पुटपुटत म्हणाला, "कुमुद, माका मराठीत बोलूक लावू नको गो. होय म्हण."

वेळ सकाळची होती. उपासाचा दिवस, पोटात बांगडा नव्हता. निर्णयाला कुठलीही हरकत नव्हती.

"व्हय," कुमुदताई म्हणाल्या.

"म्हाराजा!" मागून एक म्हातारा सवयीने म्हणाला, आणि सगळं देऊळ हसत सुटलं.

मुहूर्ताचा प्रश्न भिवाकाकांनी निकालात काढला. देवाने स्वतः सांगितल्यावर पंचांग बघणं म्हणजे देवावर अविश्वास, असं त्यांचं म्हणणं. लग्न त्याच देवळात, धो धो पावसात झालं. दत्ताराम आयुष्यात असंख्य वेळा नवरी झालेला होता. नवरदेव प्रथमच होत होता. अंतरपाटावरून डोकावत चाललेली त्याची कुजबुज पुढच्या रांगेपर्यंत ऐकू येत होती. "मान वायच खाली घाल. इतकी नाय, हनुवटी टेकली. डोळे खाली. आता हळूच वर बघ. नको नको, दमात घेतल्यासारखा नको बघू." कुमुदताईंनी एकही सूचना पाळली नाही. रडायच्या जागी त्या हसल्या, आणि त्यांच्या वाटचं रडणं दत्ताराम रडला, असं सुरेख की मांडवातल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

पेन्शन जुनीच राहिली. दत्तारामाचं नाव पती म्हणून नोंदवलं गेलं. लोक थोडंफार बोललेच, पण ज्या टोमण्याची कुमुदताईंना एवढी धास्ती होती, तो प्रत्यक्ष आला तेव्हा मी म्हावऱ्याच्या बाजारात त्यांच्या शेजारी उभा होतो. कोळीण सुरमई कापता कापता म्हणाली, "काय गो कुमुद, पेन्शनीसाठी घो केलंस?"

"होय गो," कुमुदताई म्हणाल्या. "तू केलंस, तुका काय मिळाला?"

अख्खी रांग हसली, आणि सगळ्यात मोठ्याने ती कोळीण. सुरमईचा एक तुकडा त्या दिवशी जास्त पडला.

आता त्या निवृत्त होऊन काही वर्षं झाली. पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. म्हणजे आपण जिवंत आहोत हे स्वतः येऊन सांगायचं. ते टेबल आता माझ्याकडे आहे. गेल्या नोव्हेंबरात दोघं स्कूटरवरून आली. कुमुदताई चालवतात, दत्ताराम मागे एका बाजूला पाय सोडून बसतो. त्याने आता नाटक सोडलं आहे आणि तो मुलांना राणीचं चालणं शिकवतो. गुडघे वाईट, तोंड उत्तम.

मी नियमाप्रमाणे विचारलं, "आपण हयात आहात?"

"बघ, कशी दिसतंय?" कुमुदताई म्हणाल्या.

"लिहितो, हयात."

"माझोय दाखलो घे," दत्ताराम म्हणाला.

"तुमचा लागत नाही. तुमची पेन्शन अजून सुरू नाही."

"सुरू जावकच नको माका ती," तो म्हणाला. "मी आधी जातलंय. तशी अट घालून ठेय कागदावर."

"ऐकलंस पुस्तका?" कुमुदताई उसळल्या. "ह्येच्यासाठी आख्ख्या गावासमोर शोभा करून घेतलंय, आणि ह्यो म्हणता नको. मी मेल्यार दर महिन्याक मुकाट्यान येवचा आणि घेवची. समाजला?"

"नाय."

"आपण हट्ट सोडाल का?" मराठी सुरू झाली. शेजारच्या टेबलावरचा नवा कारकून, ज्याला काहीच माहीत नव्हतं, तोही पाणी प्यायला उठला.

"नाही! त्रिवार नाही!" दत्ताराम म्हणाला, आणि दोघंही हसायला लागली. हसता हसता त्याला खोकला आला, कुमुदताईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली, दाखल्यावर सही केली आणि म्हणाल्या, "चल. भांडण घराकडे. पिशयेतला म्हावरा खराब जातला."

मी शिक्का मारून खिडकीतून बाहेर पाहिलं. अंगणात ऊन पडलं होतं. कुमुदताई पुढे चालत होत्या, तो थोडा मागे. स्कूटरपाशी पोचल्यावर त्यांनी मागे न बघता, चावी घ्यायला, उघडा हात मागे केला. दत्तारामाने त्यात आपला हात ठेवला.

"चावी मागतंय मी, मेल्या!" त्या ओरडल्या.

हात मात्र त्यांनी सोडला नव्हता.